कड्याखालची कोरडी खोली

आमच्या घराची मागची भिंत आणि डोंगराचा कडा यांच्यामध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर होतं. तेवढ्या जागेत आईची सरपणाची लाकडं, एक फुटका रांजण, कोंबड्यांचं खुराडं आणि वर्षभराची ओल मावत असे. इतकं डोंगराला चिकटून घर बांधलंच कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. विचारणाऱ्यांनी भात कधी लावलेला नसतो. आमच्या वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला सपाट जमीन मोजकी, आणि सपाट जागेवर घर बांधायचं म्हणजे भाताचं एक खाचर बुजवायचं. असला करंटेपणा कोण करणार? म्हणून आमच्या वाडीतली पाचही घरं शेतं मोकळी सोडत, मागे सरत सरत कड्याला पाठ लावून बसली होती. माणसं दगडाखाली आणि भात मोकळ्यावर, अशी आमच्याकडची वाटणी, आणि तिच्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. मी नंतर तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा कुठे एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली.

माझे बाबा माळशेज घाटात मैलकुली होते. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्यांच्या टोळीकडे असे. खड्डे भरायचे, गटारं उपसायची, आणि पावसाळ्यात कड्यावरचे सुटे दगड गाड्यांवर पडायच्या आत आपणच पाडायचे. दगड सुटा आहे की नाही हे बाबा डोळ्यांनी ठरवत नसत. पहारीने ठोकायचे आणि ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर दगड डोंगराचा. बद्द आला तर तो नुसता टेकून उभा आहे, मागे फट पडलेली आहे. संध्याकाळी ते अंगणात पाय धूत तोंडाने दोन्ही आवाज काढून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. भाकऱ्यांची चवड समोर आली की हमखास घाट सुरू व्हायचा. डोंगर असाच थरांचा आहे म्हणायचे, काळ्या दगडाचा एक थर, मग वीतभर तांबडी माती, मग परत काळा दगड. काळ्या दगडाला उभ्या फटी असतात. पाऊस त्या फटींतून आत शिरतो, तांबड्या मातीपाशी अडतो आणि तिथून बाहेर झिरपतो. झिरपतोय तोवर ठीक. वाट बुजली की पाणी फटीत चढत जातं आणि दगडाला मागून ढकलायला लागतं, आणि खाली तांबडी माती भिजून साबण झालेली असते. आई म्हणायची, "आधी जेवा, डोंगर मग पाडा."

आणखी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. पाऊस चालू असताना ट्रकवाले घाबरून टोकावड्याला चहाच्या टपरीवर थांबून राहतात आणि उघडीप पडली की गाड्या काढतात. दरड नेमकी तेव्हाच येते. वरून पाऊस थांबला तरी आतलं पाणी अजून उतरत असतं. आता घाटात जाळ्या लावल्या आहेत, फलकही आहेत, आणि उघडीप पडली की लोक त्याच फलकांखाली पोरांना उभं करून फोटो काढतात. पूर्वी मी गाडी थांबवून सांगायला जायची. आमचे मालक म्हणतात, तुझ्याबरोबर सहलीला येण्यापेक्षा घरी पंखा पुसलेला बरा. हल्ली मी खिडकीतून दुसरीकडे बघते.

मग अशा माणसाने स्वतःच्या घरामागची फट का बुजवली, हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. दिव्याखाली अंधार, असं म्हणून मोकळं होता येतं. पण ते तेवढं सोपं नाही.

घरामागच्या कड्यात छातीच्या उंचीवर तांबड्या मातीचा पट्टा होता, आणि त्याच्यावर माणसाचा हात जाईल एवढी एक उभी फट थेट वरच्या माचीपर्यंत गेलेली होती. आषाढापासून दिवाळीपर्यंत तिच्यातून पाणी यायचं. ते मागच्या भिंतीखालून आत शिरे, मागच्या खोलीतल्या जमिनीतून वाट काढी आणि माजघराच्या कडेने अंगणात जाई. आजोबांनीच त्याला आतून छोटा पाट करून दिला होता. पावसाळाभर घरात ते वाहत्या पाण्याचं बारीक बोलणं चालू असायचं आणि आम्हाला त्याच्याशिवाय झोप लागत नसे. जमीन सारवली की आठवड्यात पोपडे धरायची. उडदाच्या पापडांना बुरशी, गोधड्यांना कुबट वास, आईच्या कमरेत कळ. पण तक्रार करावी असं ते कोणाला वाटत नव्हतं. ओल ही पावसाळ्याचीच एक गोष्ट होती.

ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, बाबांच्या सुलीचं लग्न शहापुरात झालं. सासरचं घर बाजारपेठेच्या मागे, फरशीचं, पक्क्या भिंतींचं. तिला दिवस गेले आणि बाबा चैत्रात तिला बाळंतपणाला कधी धाडता ते विचारायला गेले. मी बरोबर होते. ताई तेव्हा शेजारच्या बाईंबरोबर देवळात गेलेली होती. तिच्या सासूबाई वाईट नव्हत्या, पण बोलायला फटकळ. चहाची कपबशी पुढे करता करता म्हणाल्या, पहिलंवहिलं बाळंतपण आहे, रीत आहे हे खरं, पण तुमच्या खोलीत पाण्याचा पाट वाहतो म्हणतात. त्या ओलीत बाळंतिणीला वात धरला आणि पोराची छाती भरली तर? त्यापेक्षा इथेच होऊ दे. बाबांनी कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "खोली कोरडी हाय आमची. ठणठणीत." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

परतताना मुरबाडला उतरून त्यांनी सिमेंटची गोणी घेतली.

वैशाखात तीन रविवार आम्ही दोघं त्या फटीपाशी होतो. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, हाताला काम नव्हतंच. मी खडी वेचून दिली, पाणी ओतलं, माल कालवला. बाबांनी छातीपासून डोक्याच्याही हातभर वरपर्यंत फट दगडांनी ठासून भरली, सिमेंट थापलं, तांबड्या पट्ट्यावरूनही लांबच लांब गिलावा फिरवला. शेताच्या बांधाला खेकडा बीळ पाडतो तेव्हा शेतकरी टाचेने चिखल दाबतो ना, अगदी तसं. आणि मला वाटतं तिथेच सगळं आहे. घाटातल्या आधारभिंतीची पाणी जायची भोकं गवताने बुजली की ती सळईने मोकळी करणं हे बाबांचं सरकारी काम होतं, ते त्यांनी कधी चुकवलं नाही. पण घरी आले की ते भात लावणारे कुणबी होते, आणि भात लावणाऱ्याला गळतं पाणी बघवत नाही. गळतं दिसलं की बुजवायचं, हे त्याच्या हाडात असतं. शेवटी मी ओल्या सिमेंटवर काडीने एक फूल काढलं. बाबा हसले. म्हणाले, सुलीला सासूबाईंचं बोलणं कळता कामा नये, कोणी विचारलं तर सांग की कणगीतलं भात भिजत होतं.

तो पावसाळा आम्ही कोरड्या घरात काढला. आई पहिले आठ दिवस मध्येच हातातलं काम टाकून मागच्या खोलीत जायची आणि तळपाय जमिनीला लावून बघायची. पाण्याचा आवाज गेला, त्याने मला जरा चुकल्यासारखं झालं. आई म्हणाली, कान मोकळे झाले. शेजारच्या घरांतून माणसं बघायला आली. दोघांनी तर पुढच्या वैशाखात आपणही बुजवू असं ठरवून टाकलं. ताई आषाढात आली, खोलीत बाज टाकली, शेगडी ठेवली, आणि इकडेतिकडे बघून तिने विचारलं, यंदा पाणी नाही वाटतं? आईने तिला कणगीतल्या भाताचं सांगितलं. ताईचा विश्वास बसला. आईचं बोलणं कोण तपासून बघतं?

मग खेकडे यायला लागले. आमच्याकडे पावसाळ्यात खेकड्यांचं अप्रूप नाही, पण ते ओढ्यात शोधावे लागतात. त्या वर्षी ते कड्यातून, दोन पुरुष उंचीवरून बाहेर पडत होते आणि कौलांवर टप्प टप्प आदळत होते. मी नि आई टोपली घेऊन मागे उभ्या राहायचो. खोबरं भाजून, लसूण ठेचून, कालवण व्हायचं, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर बाबा चार चार नांग्या फोडायचे. बाळंतपणाच्या आधी उष्ण नको म्हणून ताईला नुसता वास. आठ दिवस आम्ही ते खाल्लं. खेकडा पाण्यामागे जातो हे आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. ते दोन पुरुष उंचीवर कुठल्या पाण्यात राहत होते, हे आम्ही कोणीच, डोंगराशी रोज बोलणाऱ्या माझ्या बाबांनीसुद्धा, स्वतःला विचारलं नाही. घरात आनंद होता आणि कालवण चांगलं होत होतं.

श्रावण लागला आणि ताईला मुलगा झाला. सुईण वाडीतलीच, सगळं नीट पार पडलं. खोली शेगडीने उबदार, शेपा-ओव्याच्या धुरीने भरलेली, जमीन सारवून चकचकीत. बाबा दाराबाहेरूनच विचारत, थंडी नाय ना गो वाजत? चौथ्या दिवशी सकाळपासून लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी पाचवी होती. आई पाटावरवंटा घासत होती. तेवढ्यात बायआत्या आली. ही बाबांची थोरली बहीण, विधवा, ओढ्यापलीकडे खालच्या वस्तीत एकटी राहायची आणि शेळ्या पाळायची. माचीवर ती फट जिथे उघडी होती तिथे शेळीची करडं पडू नयेत म्हणून ती दर वर्षी बांबूचे दांडके आडवे ठोकून वर काट्या टाकायची. अंगणातूनच तिने सांगितलं, दांडके आत गेले. बाबांना वाटलं मोडले. नाही म्हणाली, अख्खे गेले. फटच रुंद झाली.

"किती?"

तिने चार बोटं दाखवली.

बाबा उठले. खुंटीला लावलेली पहार घेतली आणि मागे गेले, मी त्यांच्या मागे. त्यांनी फटीच्या डाव्या अंगाचा दगड ठोकला. तो बद्द आवाज मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आले होते. खऱ्या दगडातून ऐकला तो पहिल्यांदाच. त्यांनी चार जागी ठोकून बघितलं आणि मग सिमेंटवर, माझ्या फुलाशेजारी, तळहात ठेवला. ते अगदी कोरडं होतं. मला म्हणाले, हळू आवाजात, "पाणी हितं नाय गो. मग गेलं कुठं दोन महिन्याचं?"

आणि त्या दगडाच्या अलीकडे, दोन हातांवर, भिंतीपलीकडे ताई आणि चार दिवसांचं पोर झोपलेलं होतं.

आई ऐकेना. बाळंतीण पाचवीच्या आत उंबरा ओलांडत नाही, आणि न्यायची कुठे? विटाळातल्या बाईला कोण घरात घेईल? ऊन पडलंय, आता कसली भीती? बाबा तिला ऊन हीच भीती आहे हे समजावून सांगत बसले नाहीत. बायआत्याच म्हणाली, "माझ्या घरी न्या. देव कोनाड्यात हायती, त्यांना मी सांगतंय." त्या काळी, एकट्या राहणाऱ्या विधवेने हे म्हणणं किती मोठं होतं ते मला आता कळतं. चार जणांनी बाज उचलली, वर इरलं धरलं. ताई रडत होती, अंग ठणकत होतं, हे काय चाललंय म्हणून चिडली होती. बाबांनी तिला सांगितलं की कौलं सरकलीत, खोली गळेल. बाळंतिणीला भ्यायला होईल असं काही सांगायचं नसतं.

ताई ओढ्यापलीकडे पोचली, आईही तिच्याबरोबर गेली. बाबा बाकीच्या चार घरांत जाऊन आले. ऊन बघून कोणी हललं नाही. एकाने तर वाळवण दाखवलं. मग ते घरी आले, मला म्हणाले, गुरं सोड आणि तू खाली जा. मी गुरं सोडली, पण अंगणाच्या टोकाला थांबले. ते छिन्नी आणि घण घेऊन मागे गेले. हलत्या दगडाखाली हत्यार चालवायचं नाही, हे त्यांनीच टोळीतल्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलेलं. पण चार घरांत माणसं होती, आणि पाण्याला वाट दिली तर दगड कदाचित थांबेल, एवढीच त्यांना आशा होती. घणाचे घाव मी मोजत होते. मग घाव थांबले आणि पाणी आलं. आधी तांबडं, मग गढूळ, माजघरातून उसळत अंगणात, आईची टोपली, शेगडी, ताईच्या अंथरुणाच्या चिंध्या घेऊन. बाबा ओरडून म्हणाले, "आलं गो, आलं!" त्यांचा आवाज आनंदाचा होता. मला अजून ऐकू येतो.

ते बाहेर यायला वळले असतील तेव्हा डावीकडचा दगड सुटला. फार मोठा आवाज झाला नाही. एखादं जड कपाट कोणी फरफटत न्यावं, एवढाच. मागची खोली गेली, बाज ठेवायची जागा गेली. बाकीचा कडा जागेवर राहिला आणि आजही आहे. चारही घरं उभी आहेत. पाणी सोडल्यामुळे राहिली की तशीही राहिली असती, हे मला सांगता येणार नाही. भूगोल शिकवूनही नाही. वाडीतल्या माणसांनी पहारी लावून बाबांना काढलं. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता.

दवाखान्यात मी त्यांच्यापाशी होते. दुसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा त्यांनी आधी ताईचं विचारलं. पोराची पाचवी झाली का, विचारलं. झाली, बायआत्याने केली, म्हणून सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाले, "ती फट कुणासाठी बुजवली ते सुलीला सांगू नको. जन्मभर तिच्या जिवाला घोर लागंल." मी हो म्हणाले. सोळाव्या वर्षी हो म्हणणं सोपं असतं.

पुढे बाबा वीस वर्षं जगले. घाटातली नोकरी गेली, लावणी गेली. ओट्यावर बसून दोऱ्या वळायचे. ताई यायची, त्यांचं सगळं करायची, औषधं आणायची, आणि रागाच्या भरात तोंडावर बोलायची. दुसऱ्यांना दगड शिकवणारा माणूस, कणगीभर भातासाठी घर घालवून बसला, पाय घालवून बसला, माझं पोर मेलं असतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बाबा मान हलवायचे. म्हणायचे, खरं हाय गो, चुकलंच. मला तिथे बसवत नसे. एकदा मी तोंड उघडलं होतं, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आई माझ्यासारखीच गप्प राहिली आणि गप्पच गेली. बाबा गेले त्या दिवशीही ताई रडत रडत म्हणत होती, किती हट्टी होते, एका फटीपायी सगळं घालवलं. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी हे लिहितेय असं तिला कुठून तरी कळलं. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. बाबांचं कौतुकच लिहू नको म्हणाली, खरं काय ते लिही. फट का बुजवली तेही लिही, लोकांना कळू दे.

मी लिहिते म्हणाले. बाबांना दिलेला शब्द आज इथे लिहून मोडते आहे, आणि तुला घोर लागेल हेही मला ठाऊक आहे. पण ताई, भात कधीच भिजत नव्हतं. कणगी पुढच्या खोलीत होती.